एकशे बारा खडे
शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही, पण कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात शिकणाऱ्या भाचीसाठी मी भूकंपातल्या लाखभर घरांच्या पाहणीचे फॉर्म चहा निवायच्या आत तपासले. मूल आईबापांपासून किती तुटलंय, त्याला शून्य ते पाच आकडा द्यायचा. एक मुलगी मावशीकडे होती, मी शून्य लिहिलं. भाची म्हणाली, “मामा, शून्य दिलंत तर तिची आई कुणी शोधणार नाही.” “अगं, मावशीकडे राहणं ही काय ताटातूट? मी शाळेसाठी सहाव्या वर्षापासून काकांकडेच होतो!” तिने फॉर्मवरची तळटीप दाखवली: आई हरवल्यापासून मुलगी रोज एक खडा ठेवते, एकशे बारा झाले. थक्क झालो. एवढीशी पोर! चहा निवला. तरी म्हणालो, “मी एकही दिवस मोजला नाही.” “खोटं!” बायको म्हणाली, “बेसमेंटमधल्या तुमच्या लहानपणच्या ट्रंकेला झाकणाच्या आतून आठशे रेघा आहेत. मी मोजल्यात.”