माघारीचा कुकारा

"दोरीच्या आत पाय नाय ठेवायचा, दादा," तुकानं दुसऱ्यांदा बजावलं, तेव्हा कुठे ढवळूनं पाऊल मागे घेतलं.

जव्हारबाहेरच्या माळावर मुलांची गोल्फ स्पर्धा शेवटाला आली होती. ज्याचे फटके कमी, तो पहिला. ढवळूची करिष्मा नाशिकच्या मुलीपेक्षा एका फटक्यानं पुढे होती, आणि एकच खड्डा खेळायचा राहिला होता. पहिली येईल तिला पुण्याला शिकायला पाठवणार होते, राहण्याजेवणासकट. सूर्यमाळच्या पोरीला असं बोलावणं पुन्हा कधी येणार?

खेळापेक्षा खेळाची शिस्तच भारी होती. काठी आपटायची नाही, तोंड वाकडं करायचं नाही, हरलं तरी टोपी काढून हात मिळवायचा. आईबापांनी तर चकार शब्द काढायचा नाही. कुणी बाहेरून इशारा केलाच, तर पोराला दोन फटक्यांचा दंड आणि बाप मैदानाबाहेर.

हे सगळं सांभाळायला या गटाबरोबर एक पंच बाई फिरत होती. टोपी कपाळावर ओढलेली, डोळ्यांवर काळा चष्मा. सकाळी काठी भिरकावणाऱ्या एका पोराला तिनं तिथल्या तिथे घरी पाठवलं होतं, आणि मोठ्या गाडीतून आलेल्या त्याच्या बापाला "आवाज खाली" एवढंच म्हटलं होतं. तो गपगार झाला होता.

"हिनं सकाळी दुसरा गट मागितला होता म्हणं," तुका कुजबुजला. तो साखरशेतचा, त्याचा पोरगा आधीच बाद झाला होता आणि ढवळूची ओळख आजचीच. "पाड्यातल्या पोरांसंगं फिरायला कमीपणा वाटत असंल. पंच कमी पडलं म्हणून आली."

काखेतलं गाठोडं ढवळूनं उगाचच दुसऱ्या काखेत घेतलं. त्याच्या बायकोनं, लाडकीनं, नाचणीच्या भाकऱ्यांची दोन गाठोडी दिली होती. एक करिष्मानं सकाळीच संपवलं होतं.

शेवटच्या खड्ड्याच्या अलीकडे नाला आडवा होता. करिष्मानं पिशवीतून लांब काठी काढली. एका फटक्यात नाला पार करायचा तिचा बेत ढवळूला लांबूनच कळला. तेवढ्यात वारा फिरला. भात उफणण्यात ढवळूचा जन्म गेलेला. चेंडू नाल्यात जाणार हे त्याला स्पष्ट दिसलं. पोरीची नजर मात्र चेंडूवर खिळलेली.

आणि मग सकाळपासून पाठ केलेलं सगळं ढवळूच्या डोक्यातून उडून गेलं. त्याचे हात आपोआप तोंडाशी गेले.

"कू, कू, कूऽऽऽ!"

सूर्यमाळला घरं एकमेकांपासून इतकी लांब, की आवाज पोहोचतो पण शब्द पोहोचत नाहीत. म्हणून प्रत्येक घराचा आपापला कुकारा. ढवळूच्या घरात दोन आखूड आणि एक लांब म्हणजे असशील तिथून माघारी फिर. हे ऐकल्यावर त्या घरातली पोरं विचार करत नाहीत. पाय आधी वळतात.

दोरीपाशी उभे असलेले लोक इकडेतिकडे बघू लागले. "मोर होता का हो?" कुणीतरी विचारलं, आणि हसू फुटलं.

करिष्मा थबकली. लांब काठी पिशवीत गेली, आखूड बाहेर आली. चेंडू नाल्याच्या अलीकडेच अलगद पडला. सगळं सुखरूप झालं असं वाटत होतं, तोच पंच बाईनं हात वर केला.

"बाहेरून इशारा झालाय," ती म्हणाली.

"नाय ओ बाई!" तुका पुढे झाला. "डोंगरातला माणूस हाय. कौतुकानं वरडला."

"कौतुकानं नाही. माघारी फिर म्हणून सांगितलं त्यांनी." ती करिष्माकडे वळली. "खरं ना?"

करिष्मा नाही म्हणाली असती तर कुणाला काय कळणार होतं?

"हो, बाई."

"दोन फटक्यांचा दंड." मग ती ढवळूसमोर येऊन उभी राहिली. आवाज सरळ होता. फक्त हातातलं कार्ड तिनं उगाचच दुसऱ्या हातात घेतलं. "तुम्ही मैदानाबाहेर जा."

ढवळूनं हात जोडले आणि तो निघाला.

फाटकाबाहेरच्या ऐनाच्या झाडाखालून त्यानं उरलेला खेळ पाहिला. करिष्मा एका फटक्यानं हरली. पुणं गेलं. पण तिनं काठी आपटली नाही. टोपी काढली, नाशिकच्या मुलीशी हात मिळवला, आणि मग पंच बाईशीही. ढवळूला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरी अभिमानानं ऊर भरून आला होता. त्यानं उपरण्यानं डोळे पुसले.

तुका तणतणत आला. "दगडाच्या काळजाची बाई! पोरीचं वाटोळं केलं."

"बरोबर केलं तिनं. चुकलो मी," ढवळू हसून म्हणाला.

"बरोबर?" तुकाला त्याचं हसणंच समजेना. "आवं, मी बाजूला उभा, डोंगरातला माणूस, मला तुमचा कुकारा नाय कळला. मंग तिला कसा कळला?"

ढवळूनं दुसरं गाठोडं मांडीवर घेतलं, गाठ सैल झाली नाही ना ते पाहिलं.

"तिला नाय कळंल तर कुणाला कळंल?" तो म्हणाला. "याच कुकाऱ्यावर घरी पळत यायची ती, करिष्माला पाठीशी बांधून."