आरशामागचा फोन

नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या आमच्या समुपदेशन केंद्रात बोलायच्या खोलीत एक मोठा आरसा आहे. मागच्या बाजूने मात्र ती नुसती काच. तिथल्या अंधाऱ्या खोलीत मी, शिकाऊ, एकटीच बसायचे. काही सुचलं की मी फोन उचलायचा, मग समोरच्या खोलीतला फोन वाजायचा आणि माझ्या वरिष्ठ समुपदेशक सिग्रुनबाई ते समोर बसलेल्या कुटुंबाला सांगायच्या. त्यांच्यासारखं ऐकणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्या दिवशी टोर्स्टेन आठ वर्षांच्या लेकीला, ओसेला, घेऊन आला होता. आई वारल्यापासून पोरगी सात महिने एक शब्द बोलली नव्हती.

"माझंच काहीतरी चुकत असेल," तो म्हणाला. "मला आता काही सुधरत नाही, बाई."

समोरच्या खोलीतला फोन वाजला. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

सिग्रुनबाईंनी तो उचलून शांतपणे ऐकून घेतलं. मग ओसेकडे वाकून म्हणाल्या, "आरशामागून विचारतायत, आईनं विणलेले लाल हातमोजे सापडले का गं?"

ओसेनं आरशाकडे पाहिलं. "एकच सापडला," ती म्हणाली आणि बापाच्या कुशीत शिरून ढसाढसा रडली.

ती दोघं गेल्यावर मी धावतच गेले. "बाई, तो फोन मी नव्हता केला!"

"ठाऊक आहे. तुझा आवाज मी ओळखत नाही होय?" त्या कॉफीचे कप विसळत म्हणाल्या. "आपलं काम ऐकायचं. कोण बोलतंय ते विचारत बसलं, की बोलणारा गप्प होतो."

पिशवी घ्यायला मी काचेमागे परतले. न राहवून रिसीव्हर कानाला लावला.

तो उबदार होता, आत्ताच कुणीतरी बोलून ठेवल्यासारखा.