आखूड फळी

सुरतेत तापीच्या गाळातून निघालेल्या जुन्या जहाजाचं मॉडेल नव्या संग्रहालयासाठी कोसाडचा कुंदन मिस्त्री बनवत होता. जहाजाची प्रत्येक फळी त्याने स्वतः मोजली होती. पुरातत्त्वज्ञ अरुंधतीताईंनी मॉडेल उत्खननावेळच्या नकाशाशी ताडून पाहिलं. बारावी फळी आखूड निघाली. "तुमचं माप चुकलंय." "तीनदा मोजलं, ताई. चला, दाखवतो." संग्रहालयाच्या गोदामात मूळ फळी काळीभोर होती, पण एक टोक पिवळं, नुकतंच कापलेलं. "किल्ली कोणाकडे असते?" कुंदनने विचारलं. त्याची नजर ताईंना झोंबली. "माझ्याकडे आणि संचालक सरांकडे." तेवढ्यात संचालक सर दारात आले. "मॉडेलमधली ती फळी वाढवून टाका. कोणाला कळणार आहे?" फळीबद्दल त्यांना कोणीच काही सांगितलं नव्हतं. ताईंनी फोनवर त्या टोकाचा फोटो काढला. मग सरांकडे पाहत म्हणाल्या, "कुंदनभाऊ, फळी आखूडच ठेवा. उद्घाटनाला लोकांनी विचारलं, तर सर सांगतील."