सरांच्या घरची मंगळागौर

१९७१चा श्रावण. इंदुमतीने आंबोलीहून आणलेली कंदीलपुष्पाची दुर्मीळ वेल तिचे गाइड असलेल्या टेंभे सरांच्या अंगणात तिसऱ्या वर्षी फुलली. फुलांचा अभ्यास झाला की तिची पीएचडी पुरी होणार होती.

मंगळवारी ती भिंग घेऊन गेली, तर वेल उपटलेली. फुलं सरांच्या नव्या सुनेच्या मंगळागौरीपुढे, पत्रीच्या ढिगात पडली होती.

"सोळा पत्रींत एक कमी पडत होती गं," टेंभेकाकू म्हणाल्या.

"मीच उपटून दिली," सर चहा फुरकत म्हणाले. "पुढच्या वर्षी दुसरी आण. आता जेवूनच जा."

सगळ्या सवाष्णींदेखत गौरीपुढची फुलं उचलून इंदुमती चालू लागली.

सरांनी तिच्या प्रबंधावर सही केलीच नाही. ती जन्मभर शाळेत शिकवत राहिली. काकू मरेपर्यंत तिला देवाची चोर म्हणत. सून मात्र त्याच जातीच्या वेलीवर, सासऱ्यांच्याच हाताखाली पीएचडी झाली.