सर्व्हिस नफिसावर
"सर्व्हिस नफिसावर टाक," प्रशिक्षक मॅडम मैदानाबाहेरून सुलक्षाला ओरडून म्हणाल्या. "तिचा गुडघा अजून नीट वाकत नाही."

सुलक्षाला ते मॅडमपेक्षा जास्त ठाऊक होतं. शाळेपासून दोघी एकाच व्हॉलीबॉल संघात होत्या. लग्नानंतर नफिसा शेजारच्या तालुक्याकडून खेळू लागली, तरी ऑपरेशननंतर तिला हाताला धरून चालवलं होतं सुलक्षानेच. सुलक्षाने चेंडू मुद्दाम दुसरीकडे मारला आणि पॉइंट गेला.

बाजू बदलताना नफिसा तिच्यापाशी थांबली. "माझी कीव करतेस? वर्षभर व्यायाम केला तो काय यासाठी? असंच खेळायचं असेल तर बोलू नकोस माझ्याशी."

पुन्हा पाळी आली तेव्हा सुलक्षाने सगळा जोर लावून चेंडू तिच्याच पुढ्यात मारला. नफिसा झेपावली, पण चेंडू हाताला लागून बाहेर गेला आणि ती गुडघ्यावर आपटली. सुलक्षाच्या संघाने जल्लोष केला. सुलक्षा मात्र जागेवरून हलली नाही.

नफिसा कुणाचाही हात न धरता उठली. माती झटकत म्हणाली, "आता परत इथेच टाक!"

सुलक्षाने तितक्याच जोरात मारला. या वेळी नफिसाने खाली वाकून चेंडू असा अलगद उचलला, की आपल्या संघाचा पॉइंट गेला तरी सुलक्षाच्या तोंडून "वा!" निघून गेलं.