तिसरं बक्कल

पियानोचे पाय काढून आम्ही तो गादी ठोकलेल्या फळीवर एका कुशीला ठेवला आणि गोधड्यांत गुंडाळला. चारही पट्टे मी आवळले. आमच्यात रीत आहे, ज्यानं पट्टे आवळले त्यानंच जिन्यात ओझ्याच्या खालच्या बाजूला राहायचं. मी पायरी उतरलो, तर आमचे मुकादम अण्णा आधीच तिथं उभे.

“अण्णा, ही जागा माझी.”

“आज माझी. तू वर जा.”

गेल्या वर्षी मी बांधलेला पट्टा सुटला आणि माझ्या जोडीला खालच्या बाजूला असलेल्या अण्णांचा पाय चेंगरला. तेव्हापासून ते लंगडतात. पट्टा सैल असल्याची शंका मला त्या दिवशी जिन्यातच आली होती, पण सगळ्यांपुढं हसं होईल म्हणून गप्प बसलो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पट्टा करकरला. तिसरं बक्कल मी दाबलं होतं का? काही केल्या आठवेना. साडेतीनशे किलोचं ओझं, आणि खाली अण्णा.

“थांबा!” मी ओरडलो.

सगळे ओझं तोलत जागीच थबकले. वरून पियानोवाल्या म्हाताऱ्या बाई “काय झालं, काय झालं” करू लागल्या. एक हात सोडवून मी गोधडीखाली चाचपलं. बक्कल घट्ट होतं.

खाली पोचल्यावर मी मान वर न करता म्हणालो, “अण्णा, उगाच ताटकळवलं तुम्हाला.”

अण्णा पायरीवर बसून अधू पाय चोळत होते.

“हा आवाज गेल्या वर्षी कुठं गेला होता रे?”