मागच्या सीटवरून

कन्याकुमारीपर्यंत जायचं म्हणून केशवराव आणि त्यांची लेक पद्मजा उस्मानपुऱ्यातल्या शोरूममध्ये मोटारसायकल घ्यायला आले. दोन गाड्या पसंत पडल्या. पद्मजानं बाबांना मागं बसवून दोन्हींवर हर्सूल तलावापर्यंत एकेक चक्कर मारली. पहिलीची सीट गादीसारखी होती, पाठीला टेकाही होता. दुसरीवर मात्र बाबा अवघडलेले तिला जाणवले.

"मग पहिलीच घेऊ ना, बाबा?"

"नको. दुसरी घे."

"अहो, इतक्या लांब जायचंय. कंबर धरेल तुमची!"

"धरू दे. पहिलीचं इंजिन लई गरजतं गं, तुझा शब्द ऐकू येत नाही." केशवरावांनी चाचपत चाचपत तिचा हात शोधला. "रस्त्यानं काय काय दिसतंय, ते आता तूच सांगायचंस ना मला?"